सिनेमातल्या बाईला माहेर नव्हतं

मंगळवारी सकाळी माझी बायको गेली. दवाखान्यात गेली. मी खाली चहा आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा नर्सनं पडदा ओढला होता. मी तिच्या भावाला फोन केला आणि म्हणालो, "ती गेली." तो म्हणाला, "निघतो," आणि फोन ठेवला. मग मी माझ्या भावाला फोन केला.

हे लिहायला मला बरेच महिने लागले. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, आता निवृत्त आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, शेवटची बरीच वर्षं चितेगावला. माझं घर पाचोडचं, शेतीवाडी असलेलं. ती सोयगावच्या पुढं, अजिंठ्याच्या डोंगराखाली असलेल्या एका भिल्ल वस्तीतली. आमची ओळख एका इंग्रजी सिनेमामुळं झाली. तो सिनेमा आमच्या संसारात शेवटपर्यंत राहिला, आणि त्या मंगळवारी दुपारभर माझ्या डोक्यात तोच होता. म्हणून आधी त्याच्याविषयी लिहितो.

आमच्या कॉलेजात तेव्हा एक फिल्म क्लब होता. महिन्यातून एका रविवारी सभागृहाच्या खिडक्यांना काळं कापड ठोकून परदेशी सिनेमे दाखवायचे. रिळांच्या पेट्या रेल्वे स्टेशनवरून आणणं आणि परत पोचवणं हे काम ग्रंथालयाकडं होतं, म्हणजे सगळ्यांत धाकटा म्हणून माझ्याकडं. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहत होती. रविवारी संध्याकाळपर्यंत बाहेर राहायची परवानगी असे. सिनेमा फुकट होता आणि सभागृहात पंखे होते, म्हणून मी यायचे, असं तिनं मला पुढं सांगितलं.

त्या रविवारचा सिनेमा घोडे, बंदुका आणि डोंगरदऱ्यांचा होता. एक गोरा माणूस नदीच्या उगमाकडं वाट शोधत जातो. होडी उलटते. तिथल्या आदिवासींच्या मुखियाची मुलगी त्याला पाण्यातून ओढून काढते, पाला बांधून त्याची जखम बरी करते. तो बोट दाखवतो आणि ती शब्द सांगते. पाणी. विस्तव. डोळा. मग दोघं प्रेमात पडतात. शेवटी त्याच्यावर झाडलेली गोळी ती अंगावर घेते. तो तिच्यावर दगड रचतो, घोड्यावर बसतो आणि जातो. शेवटचं चित्र त्याच्या चेहऱ्याचं आहे. खूप वेळ चेहरा, मागं संगीत, आणि दिवे लागतात.

मी रिळं पेटीत ठेवत होतो तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली.

"सर, तिची आई कुठं होती?"

"कोणाची?"

"त्या मुलीची."

मी म्हणालो, "नसेल. दाखवली नाही."

"नसेल कशी? बाप आहे. घोडे आहेत. कुत्रंसुद्धा आहे. आई नाही, मावशी नाही, भाऊ नाही. ती पडली तर रडायला त्या गोऱ्याशिवाय एक माणूस नाही. अख्खं गाव कुठं गेलं होतं? बाजाराला?"

तोवर मी तसले कितीतरी सिनेमे पाहिले होते आणि मला हा प्रश्न पडला नव्हता. मी नायकाच्या चेहऱ्याकडं बघत आलो होतो, कारण सिनेमाच तिकडं बघत होता.

जाताना ती वळून म्हणाली, "आणि ती त्यांच्यातली नाहीये. तोंडाला रंग लावलाय, हातांना लावायला विसरलेत."

पुढच्या आठवड्यात ती ग्रंथालयात पुस्तक बदलायला आली तेव्हा मी तिला काउंटरवर थांबवून म्हणालो, "हात खरंच गोरे होते." मला तेव्हा याच्यापेक्षा बरं काही बोलायला सुचलं नाही. ती हसली. लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं, नोंदणी कार्यालयात. तिचे वडील आले होते. त्यांना आतल्या खुर्चीवर बसा म्हटलं तरी ते जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. माझ्या घरून दादा आला, एकटा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ.

महिनाभरानं आम्ही पाचोडला गेलो. माझ्या आईनं दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, तिला आत घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आणलीस तर आता ती आपली. मागचं मागं."

आई मोठ्या मनानं बोलली होती, हे मी आजही मानतो. त्या घरात तिला कोणी टाकून बोललं नाही. पगारदार सून, शाळेतली बाई, म्हणून मान होता. कोणी विचारलं, गाव कोणतं, की माझी वहिनी, दादाची बायको, पटकन म्हणायची, "सोयगावकडची." तिथंच बोलणं थांबायचं. घरात कार्य निघालं की बाकीच्या सुनांची माहेरची माणसं यायची, आहेर व्हायचे, मानपानावरून रुसवेफुगवे व्हायचे. हिच्या माहेरच्यांना बोलावणं गेलं नाही. जाऊ नये असं कोणी ठरवलेलं नव्हतं. मागचं मागं होतं, एवढंच.

माहेरी ती स्वतःच जायची, सुट्टी लागली की एस.टी.नं. कधी मीही बरोबर असे. सिल्लोड सुटलं की ती शेजारच्या बायकांशी दुसऱ्याच आवाजात बोलायला लागायची. चढा, मोकळा आवाज, मधेच टाळी. मी खिडकीशी पुस्तक उघडून बसायचो आणि वाचत नसायचो. वडील पुढं काही वर्षांत वारले. वस्तीवर तिची आई मला बाजेवर बसवायची, चहा द्यायची आणि मग दोघी मायलेकी चुलीपाशी त्यांच्या भाषेत तासन्‌तास बोलायच्या. मला ती भाषा आली नाही. मी कधी नीट शिकलोही नाही. हसल्या की मीही हसायचो.

तो सिनेमा आम्ही पुढंही पाहिला. आधी कॅसेट भाड्यानं आणून, मग सीडी, आणि शेवटी शेवटी मोबाइलवर, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून. ती त्याला "आपला सिनेमा" म्हणायची. दरवर्षी एखाद्या रविवारी तिला लहर यायची. त्या सिनेमातली बाई अधूनमधून तिच्या भाषेत बोलते, त्याचा अर्थ खाली लिहून येत नाही. नायकाचं सगळं कळतं. ती बोलली की नुसता आवाज. तो अर्थ माझी बायको सांगायची, हा आमचा खेळ होता. मरताना ती बाई त्याचा गाल धरून चार शब्द बोलते. मागं व्हायोलिन. माझी बायको गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "चुलीवर वरण ठेवलंय, उतू जाईल." दुसऱ्या वर्षी, "मेल्या, तुला पोहता येत नव्हतं तर होडीत बसलास कशाला?" आणखी एका वर्षी, "माझ्या भावाला सांग, याच्याकडून घोडा काढून घे."

"भाऊ कुठाय तिला?" मी म्हणायचो.

"आहे. या बाजूला उभा आहे," आणि ती पडद्याच्या चौकटीबाहेरची भिंत दाखवायची. "तिथं सगळे आहेत. आई, दोन मावश्या, एक आत्या, तिचं आणि आईचं पटत नाही. कॅमेरा तिकडं वळत नाही, त्याला ते काय करणार?"

एकदा मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "तुझ्या घरात मी त्या सिनेमातली बाई आहे." एकटी असताना ती मला तू म्हणायची, पाचोडला अहो.

"कोणी काही बोललं का?"

"कोणी काही नाही बोलत रे. चांगले आहेत सगळे. पण मी जशी आकाशातूनच पडले. माझ्या मागं कोणी नाही." मग जुडीतली काडी मोडून म्हणाली, "मला काही तक्रार नाही. सांगितलं आपलं."

मला वाटतं, एवढी उघड गोष्ट ती मला त्या एकदाच बोलली.

आम्हाला मूल नव्हतं. तिचा आजार पोटाचा होता आणि उशिरा कळला. दवाखान्यात जायच्या आधीच्या रविवारी तिनं मोबाइल मागितला. आम्ही सिनेमा लावला. नदीचा भाग झाला, शब्द शिकवण्याचा झाला. घोड्यांच्या टापा ऐकू यायला लागल्या तशी ती म्हणाली, "बंद कर. आज इथंच राहू दे."

"शेवट राहिला की."

"आज तिला घरी जाऊ दे. आई वाट बघत असेल." तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग डोळे न उघडता, ओठांत हसत म्हणाली, "आणि माझ्या वेळेला कॅमेरा तुझ्याकडं नको बरं का. तू फार रडकं तोंड करतोस."

त्या मंगळवारी सकाळी तिला घरी आणलं. आमची कॉलनी शहराच्या तोंडाशी, सोयगावकडून येणाऱ्या रस्त्यावरच्या हर्सूलच्या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. अंगणात चटई घालून तिला ठेवलं. चितेगावच्या शाळेतल्या बाया आल्या. थोड्या वेळानं पाचोडची माणसं जीप करून आली. दादा, वहिनी, एक वयस्कर चुलते आणि भावकीतले लोक.

आमच्याकडं बाईमाणूस गेलं की शेवटचं वस्त्र माहेरचं लागतं. भावानं आणायचं. ते अंगावर पडल्याशिवाय उचलत नाहीत. तिच्या वस्तीवरही असंच असतं हे मला तिच्याकडून माहीत होतं. त्यामुळं तिचा भाऊ "निघतो" म्हणाला याचा अर्थ तो वस्त्र घेऊन निघतो असा होता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. सोयगावहून इथं यायला रस्ता कितीही खराब असला तरी दुपार व्हायचं कारण नव्हतं.

दुपार झाली. मी फोन करत होतो. पलीकडं घंटी वाजायची आणि बंद व्हायची.

वहिनीनं मला आत बोलावलं. तिच्या हातात पिशवी होती. तिनं येतानाच वाटेत एक साडी घेतली होती, हिरवी, जरीच्या काठाची.

"भाऊजी, ही माहेरची म्हणून घालू. काय हाय त्यात? कितीदा करतात असं. ते तरी दुकानातूनच आणणार ना."

"येतील ते, वहिनी."

"येतील हो. पण नाही आले तर उघडी जायला नको बाई, म्हणून आणली." तिचे डोळे भरले. साडी चांगली होती. पण ती नेसवून तिला उचललं असतं तर सगळं रीतीप्रमाणं झालं असतं, आणि माहेर पुन्हा चौकटीबाहेर राहिलं असतं. कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

बाहेर दादा घड्याळ बघत होता. वैकुंठरथाचा ड्रायव्हर दोनदा येऊन विचारून गेला होता.

"किती वाट बघायची? सकाळी निघालेत म्हणतोस. सोयगाव काय दिल्लीला हाय व्हय?"

"फोन लागतोय. उचलत नाहीत."

"उचलत नाय म्हंजे काय समजायचं ते समज की. दिवस मावळायच्या आत उरकलं पायजे. लोकं ताटकळलीत."

चुलते भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "थांबा की रं. बाईचा भाऊ यायचाय. माझ्या बहिणीच्या वक्ताला मी असाच उशिरा पोचलो. दाजी मला बघून म्हनला, आलास? मला वाटलं तूच गेलास वाटेत." कोणीतरी हसू दाबलं. दादाला हसू आलं नाही.

"तात्या, तुमचं वेगळं. तुमी येनारच हुते." मग माझ्याकडं वळून त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ. इतक्या वर्सात आले का कधी ते आपल्या दारात?"

"बोलावलं होतं का दादा कोणी?"

मी दादाला उलट बोललेलो माणसांनी कधी ऐकलं नव्हतं. मीही ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "तिला माहेर आहे. ते आल्याशिवाय उचलायचं नाही." मग मी तिच्या पायाशी जाऊन बसलो. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. ते आलेच नाहीत तर दिवस मावळताना मला ती हिरवी साडी घ्यावी लागणार, हे मला कळत होतं.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. त्याला फोन मोठ्या आवाजात ठेवून बोलायची सवय आहे. पाचोडचा शेजारी बोलत होता, तो दादाला अण्णा म्हणतो. आमच्या घराची किल्ली त्याच्याकडं असते.

"अण्णा, तुमच्या ओट्यावर सोयगावकडली माणसं येऊन बसलीत. एक म्हातारी बी हाय संगं. कापड आणलंय त्यांनी."

दादा म्हणाला, "कुठं? पाचोडला?"

"व्हय, हितं. कुलूप बघून बसलीत. कुनी बोलंना. मोबाइल वाजतोय त्यांचा, घेईनात. ड्रायव्हर म्हनतो, वस्त्र घेऊन निघालं का पोचेस्तवर वाटंत बोलायचं नसतं, असं म्हातारीनं निघतानाच बजावलंय. म्हातारी उंबऱ्याला हात लावून बसलीया."

मला सगळं एकदम समजलं. मी सकाळी "ती गेली" म्हणालो होतो. कुठं यायचं ते मी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. त्याला विचारायची गरजच वाटली नव्हती. एवढ्या मोठ्या घरची सून, तिला सासरच्या गावी, सासरच्या मातीतच नेणार, हे त्यांनी धरून चाललं होतं. हर्सूलच्या नाक्यावरून, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, त्यांची गाडी सकाळी पुढं गेली होती. शहर ओलांडून, बीड रोडनं, आडूळवरून पाचोडला. तिला इथंच अग्नी द्यायचा हे आम्ही ठरवलं होतं ते सोयीसाठी. तिला पाचोडला न्यावं असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मनात आलं होतं ते तिच्या आईच्या.

दादा बराच वेळ फोन हातात धरून होता.

"हॅलो? अण्णा?"

"दार उघड," दादा म्हणाला. "किल्ली हाय ना तुझ्याकडं. दार उघड अन् आत बसव त्यांना. माजघरात. पानी दे."

पलीकडं पावलांचा, कडीचा आवाज आला. शेजारी काहीतरी बोलला. मग पुन्हा फोनवर आला.

"उघडलं. पर म्हातारी मानेनंच नाय म्हनती. आत येत नाय."

"का?"

"ड्रायव्हरला विचारलं. तो म्हनतो, लेक नाय तर आत जाऊन काय करू, असं असंल तिचं."

दादानं खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं. "तू संगं बस गाडीत. रस्ता दाखव. सरळ घरी घेऊन ये." फोन बंद करून तो जमलेल्यांना म्हणाला, "थांबायचंय. माहेर यायचंय," आणि प्लास्टिकच्या खुर्चीत खाली बसला. कोणी घड्याळ बघितलं नाही. चितेगावच्या बायांनी सगळ्यांना पाणी दिलं. चुलत्यांनी तंबाखू फेकून दिली आणि टोपी नीट केली.

ते आले तेव्हा ऊन गच्चीच्या कठड्यापर्यंत गेलं होतं, पण होतं. गाडीतून आधी भाऊ उतरला. हातात घडी केलेलं लुगडं, पिवळं, लाल काठाचं, सोयगावच्या बाजारातलं. घडीत दुकानाचा पुठ्ठा तसाच होता. मग तिच्या मावश्या उतरल्या, भावजय उतरली, वस्तीवरची आणखी चार माणसं. कोणी बोललं नाही. शेवटी आई. दादानं स्वतः तांब्या भरून आणला आणि तिच्या पायांवर पाणी घातलं. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती लेकीपाशी गेली, खाली बसली आणि तिनं तिच्या गालाला हात लावला.

मग ती बोलली. सकाळपासून बंद असलेलं तोंड उघडून ती तिच्या भाषेत बोलली, रडत नव्हती, सावकाश, एकेक शब्द. मधे थांबायची, जशी उत्तर ऐकते आहे, आणि पुन्हा बोलायची. मावश्यांनी एकदा मान हलवली. भावानं तोंड फिरवलं. मला त्यातलं काही कळलं नाही. इतकी वर्षं त्या घरात जाऊन चहा प्यायलो, आणि मला काही कळलं नाही. या वेळी खेळातला अर्थ सांगणारं माणूसही नव्हतं.

बोलून झाल्यावर तिनं हात पुढं केला. भावानं लुगडं दिलं. वहिनी पुढं झाली. तिच्या हातात ती हिरवी साडी होती. ती तिच्या आईसमोर खाली बसली आणि म्हणाली, "आई, ही सासरची म्हणून खाली राहू द्या. वर तुमचं." आईनं साडीचा काठ बोटांत धरून बघितला आणि मान हलवली. दोघींनी मिळून आधी साडी आणि मग लुगडं नेसवलं. पुठ्ठा वहिनीनं काढून घेतला.

तेव्हा मावश्यांनी सूर लावला आणि अंगण त्या आवाजानं भरून गेलं. आमच्याकडं असा टाहो नसतो. कॉलनीतली माणसं गच्च्यांवर आली. मी रडत होतो. तोंड कसं झालं असेल मला माहीत नाही, पण कोणी माझ्याकडं बघत नव्हतं. दादा, वहिनी, चुलते, शाळेतल्या बाया, वैकुंठरथाचा ड्रायव्हर, सगळे तिच्या आईकडं बघत होते.

उचलताना पुढं एका बाजूला तिचा भाऊ होता आणि दुसऱ्या बाजूला दादा. सकाळच्या फोननंतर भाऊ मला पहिल्यांदा बोलला तो स्मशानातून परत येताना.

"दाजी, आम्ही गावाला गेलो हुतो."

"हो."

"तिकडं नाय नेलं तिला?"

"ती इथं राहिली ना सगळा जन्म. म्हणून."

त्यानं थोडा विचार केला. "बरं केलं," म्हणाला. त्याला ते पटलं होतं की तो मला सांभाळून घेत होता, मला सांगता येणार नाही.

दशक्रियेला दादानं सोयगावला स्वतः फोन करून सगळ्यांना बोलावलं. पाचोडच्या घरी त्यांची पंगत बसली. दादा वाढत होता. एवढ्यानं काही भरून आलं असं मी म्हणणार नाही. ज्या पंगतीत तिनं आईच्या शेजारी बसायला हवं होतं ती पंगत ती गेल्यावर बसली. पण बसली. बसली नाही असंही लिहिता येणार नाही.

पावसाळ्यानंतर मी वस्तीवर गेलो. सिल्लोडपर्यंत पुस्तक वाचलं, पुढं बंद करून ठेवलं. तिची आई शेंगा निवडत बसली होती. मी बाजेवर न बसता खाली, तिच्या शेजारी बसलो आणि शेंगा निवडू लागलो. बऱ्याच वेळानं विचारलं, "आई, त्या दिवशी तुम्ही तिला काय म्हणालात?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "कधी?"

"अंगणात. वस्त्र घालायच्या आधी."

"तुला काय करायचंय, जवाई?" ती म्हणाली. रागानं नाही. "ते तिला सांगितलं."

मी हो म्हणालो. ती पुन्हा शेंगा निवडायला लागली. थोड्या वेळानं तिनं एक शेंग माझ्यासमोर धरली आणि तिच्या भाषेतला शब्द सांगितला. मी म्हणून दाखवला. माझा उच्चार ऐकून भावजय तोंडाला पदर लावून आत पळाली. म्हातारीनं पुन्हा सांगितला. चार-पाच वेळा झाल्यावर तिनं तो नाद सोडला. मग चुलीकडं हात करून दुसरा सांगितला. मला तो सिनेमा आठवला, नदीकाठी बोट दाखवून शब्द विचारणारा माणूस. त्याला ते पहिल्या फटक्यात यायचे.

तो सिनेमा मोबाइलमध्ये आहे. ती गेल्यापासून मी तो लावलेला नाही. तिनं जिथं थांबवायला सांगितलं होतं तिथंच तो थांबलेला आहे. घोडे अजून दूर आहेत.

आता शहरात दोन खोल्या आहेत, तिची आणि माझी पुस्तकं आहेत, तिचा चष्मा आहे. सोयगावच्या पुढं डोंगराखाली तिची आई आहे. मी महिन्यातून एकदा जातो. तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून मी उजवीकडं बसतो.